गवताचं नंतर, आधी खड्ड्याचं बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की सांगलीत बंगल्याच्या मागे 40 बाय 25 फूट जागा आहे, माती काळी आहे, दोन्ही मुलं क्रिकेटवेडी आहेत, आणि ठेकेदार म्हणतोय, जमीन सपाट करतो, वर क्रशरची कच (दगडाचा बारीक चुरा) पसरतो आणि पाऊस सुरू व्हायच्या आत आठ दिवसांत टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, टाकून देतो. करू का?

नका करू. निदान असं नका करू. मी आठ वर्षांपूर्वी मिरजेजवळ नेमकं हेच केलं होतं. मे महिन्यात आमचं अंगण बघायला पाहुणे यायचे. जुलैत मधोमध परातीएवढा खळगा पडला, मग दुसरा, आणि बॅटिंग करायच्या जागी पाय टेकला की पाणी वर यायचं. एक कोपरा उचलून बघितला. कच पार चिखलात उतरलेली, वर काळा लगदा, त्यात गांडुळं, आणि तुंबलेल्या गटाराचा वास. गवताला मात्र काहीही झालं नव्हतं. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. आमच्या वडिलांनी जन्मभर त्याच मातीत शेती केली, तरी मला हे टर्फवाल्याला पैसे देऊन शिकावं लागलं.

म्हणून गवताचे नमुने बाजूला ठेवा आणि ठेकेदाराला एवढंच विचारा, खणणार किती? किमान दीड-दोन फूट काळी माती काढायला हवी. त्या जागी मुरूम, तोही एकदम ओतून नाही. सहा इंचांचा थर, पाणी, रोलर. मग पुढचा थर. मागच्या अंगणात रोलर शिरत नसेल तर कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो. मुरमाच्या नावाखाली लाल माती खपवणारे बरेच आहेत. ट्रॉली रिकामी व्हायच्या आत मूठभर मुरूम ओला करून दाबा. छान लाडू वळला तर ट्रॉली परत पाठवा. चांगला मुरूम मुठीत टोचतो आणि मूठ उघडली की फुटतो.

मुरूम भरून झाला की माझ्या मते एक पावसाळा जाऊ द्या. मुलं रुसतील, पण दबायचं ते आत्ताच दबेल आणि पाणी कुठे साचतं ते फुकटात कळेल. दिवाळीनंतर वर चार इंच काँक्रीट करा, मधे सांधे सोडून. क्रिकेटला टप्पा सरळ हवा, तो खडीपेक्षा काँक्रीटवर चांगला मिळतो. मात्र काँक्रीटमधून पाणी खाली जिरत नाही, म्हणून उतार हवाच. शंभराला एक धरा. तुमच्या 25 फुटांच्या रुंदीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तीन इंच. खेळताना तो जाणवत नाही. उतार घराकडे नको, आणि खालच्या कडेला उघडी नाली काढा. ओळंबा-दोरीवर विसंबू नका, पाण्याची लेव्हल-नळी लावून स्वतः बघा.

आता गवत. क्रिकेटला आखूड हवं, 10-12 मिलिमीटरचं. दुकानदार 40-50 मिलिमीटरचं मऊ मऊ दाखवेल. ते फुटबॉलचं, त्यावर टेनिस बॉल उसळतच नाही. त्यात वाळू आणि काळे रबराचे दाणे भरावे लागतात, ते मोज्यांतून थेट स्वयंपाकघरात येतात. युरोपीय संघाने 2023 मध्ये नियम केलाय, 2031 पासून तिथे असे दाणे विकायला बंदी. आखूड गवतात ही भानगडच नाही. मुलांना पुढेमागे पिकलबॉल किंवा बास्केटबॉल हवा असेल तर मात्र टर्फ टाकूच नका, त्याच काँक्रीटवर ॲक्रिलिकचा रंग द्या. पृष्ठभाग बदलला की खेळ बदलतो. 1976 मध्ये मॉन्ट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर झाली आणि आपण सातवे आलो.

जोडांबद्दल कोणी सांगत नाही ते सांगतो. रोल बहुतेक 2 मीटर रुंद, म्हणजे साडेसहा फूट. तुमच्या 25 फुटांत चार रोल बसतील, म्हणजे तीन जोड, आणि मधला जोड बरोबर स्टंपांच्या रेषेत! चेंडू जोडावर पडला की कुठेही वळतो आणि भावाभावांत भांडण ठरलेलं. म्हणून पिच मधोमध न आखता अर्ध्या रोलने सरकवा, म्हणजे स्टंपांच्या रेषेखाली अखंड रोल येईल. सगळ्या रोलांतल्या पात्यांचा कल एकाच दिशेला हवा, नाहीतर उलटसुलट हात फिरवलेल्या मखमलीसारखे दोन रंग दिसतात. रोल आदल्या दिवशी उलगडून ठेवा, सुरकुत्या जातात. गोंद कोरड्या हवेतच लावा, खालची ओल पूर्ण गेल्यावर.

बावीस यार्ड म्हणजे 66 फूट, ते तुमच्याकडे बसत नाहीत हे मुलांना आधीच सांगून टाका. जवळून अंडरआर्म किंवा थ्रो-डाऊन (बोलिंग न करता नुसता हाताने फेकलेला चेंडू), टेनिस बॉलने. सीझन बॉल इतक्या जागेत नको. जाळी चारही बाजूंनी आणि वरूनही. चार-पाच सेंटिमीटरचे डोळे पुरतात. आम्ही पहिल्या वर्षी वरची जाळी वाचवली आणि शेजारच्या काकूंच्या सोलरच्या दोन नळ्या भरून दिल्या.

एप्रिल-मेमध्ये दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. पाणी मारलं की थोडा वेळ गार, पुन्हा तेच. सकाळी नऊच्या आत आणि पाचनंतर खेळायचं. शेवग्याचं झाड जवळ असेल तर त्याची बारीक पानं पात्यांत अडकतात, कडक खराटा ठेवा.

आता पहिलं काम म्हणजे एका कोपऱ्यात तीन फूट खड्डा घेऊन बघा, काळी माती किती खोलवर संपते. तो आकडा इथे लिहा. तीन फुटांतही संपली नाही तर मुरमाखाली डबराचं सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा थर, लागेल, मग हिशेब बदलतो.