‘ताई, आज क्लास नको’

पत्र : मी एम.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्यात कॉट बेसिसवर राहते आणि कोथरूडमध्ये दहावीच्या चार मुलांना घरी जाऊन गणित शिकवते. आठवड्यातून तीन दिवस, तासाला ४०० रुपये. गणपतीच्या महिन्यात एका घरी १२ पैकी ७ तासच झाले. परवा कर्वे पुतळ्याला बसमधून उतरले आणि मेसेज आला, ‘ताई, आज क्लास नको.’ अशा वेळी पैसे मागायला जीभ रेटत नाही. शिकवण्या सोडून एखाद्या क्लासमध्ये नोकरी धरू का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर :

तुझं पत्र वाचताना त्या बसस्टॉपवरची तू डोळ्यांसमोर आली. संध्याकाळचे साडेपाच, पिशवीत रात्री जागून काढलेला सरावपेपर, आणि परतीची बस अर्ध्या तासाने. त्या दिवशी तुझे फक्त ४०० रुपये गेले नाहीत. जाण्यायेण्याचे दोन तास गेले, आणि त्या वेळेला दुसरं मूल घेता आलं असतं तेही गेलं.

या शिकवण्या सोडू नकोस. अडचण शिकवण्यांत नाही, तुझ्या हिशेबाच्या पद्धतीत आहे. झालेल्या तासाचे पैसे घेतेस म्हणून न झालेल्या तासाचं सगळं नुकसान तुझ्या अंगावर पडतं. शाळेच्या रिक्षावाल्या काकांकडे बघ. मूल दोन दिवस तापाने घरी राहिलं म्हणून कोणी त्यांचे पैसे कापत नाही, कारण त्यांनी रिक्षात एक जागा महिनाभर त्या मुलासाठी ठेवलेली असते. तूसुद्धा सोमवार, बुधवार, शुक्रवार साडेपाच ते साडेसहा ही जागा एका घरासाठी राखून ठेवतेस. फी त्या राखलेल्या वेळेची घे.

मात्र सणांचा हिशेब आधी करायला हवा, नाहीतर पालकांना ते अन्यायाचं वाटेल आणि त्यांचं चुकणार नाही. जूनच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत साधारण ३५ आठवडे, म्हणजे १०५ तास. त्यातून दिवाळीचे दोन आठवडे, गणपतीचा एक आठवडा आणि इतर सुट्ट्यांचे पाच-सहा तास, असे मिळून १५ तास वजा कर. उरले ९०. चारशेच्या दराने ३६,००० होतात. आठ महिन्यांत समान वाटले की महिना ४,५०० रुपये. गणपतीत तास कमी आणि जानेवारीत प्रिलिमच्या आसपास जास्त होतील, फी तीच. मेसचे पैसे दर महिन्याला सारखे द्यावे लागतात, तेव्हा तुझी आवकही सारखी असली पाहिजे. ही पद्धत येत्या जूनपासून नव्या मुलांना लाव. वर्षाच्या मध्यात दर बदललास तर काकूंचा विश्वास जाईल.

रद्द तासांचा नियम मात्र दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू होताना लागू करता येईल. त्याआधी चारही घरी फोन कर. दारात चपला घालताना, मुलासमोर हा विषय काढू नकोस. फोन झाल्यावर असा मेसेज टाक :

‘काकू, बोलल्याप्रमाणे : तास रद्द करायचा असेल तर आदल्या रात्री ९ पर्यंत कळवा, त्याच आठवड्यात दुसऱ्या एखाद्या दिवशी घेईन. असं महिन्यातून दोनदा करता येईल. त्यानंतर कळवलं तर तास झाला असं धरू. आजारपण किंवा घरात दुःखद प्रसंग असेल तर हा नियम नाही. माझ्याकडून तास चुकला तर मी भरून देईन, नाही जमलं तर पैसे वजा करीन. रद्द करायचा मेसेज कृपया तुम्हीच करा.’

शेवटून दुसरं वाक्य गाळू नकोस. तुझ्या स्वतःच्या परीक्षेच्या आठवड्यात तू रद्द करशीलच, आणि तेव्हा तोच नियम तुला लागला तर पुढे कोणी कुरकुर करणार नाही. फी महिन्याच्या सुरुवातीला घेत असशील आणि कोणी मध्येच सोडलं, तर उरलेले पैसे लगेच परत कर. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत कोचिंग सेंटरांना उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करायला सांगितलं आहे. त्या ५० हून जास्त मुलं असलेल्या केंद्रांसाठी आहेत, तुला लागू नाहीत, पण रीत म्हणून चांगली आहे.

मेसेजचं शेवटचं वाक्य मी अनुभवातून घातलंय. मी शिकवण्या घ्यायचो तेव्हा एका मुलाचं दर सोमवारी पोट दुखायचं. दोन महिने मी फक्त बुडालेले तास मोजत राहिलो. मग लक्षात आलं की रविवारी भूमितीचा गृहपाठ राहिला की सोमवारी पोट दुखतं. प्रमेयाची सिद्धता लिहायची त्याला भीती वाटत होती आणि मला सांगायची त्याहून जास्त. पुढचे तीन सोमवार गृहपाठ बंद केला, सिद्धता दोघांनी मिळून लिहिल्या, आणि पोटदुखी थांबली. हे मी फार उशिरा ओळखलं याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून सात तास झालेल्या त्या घरी पैशांचं बोलण्याआधी पाहा, मेसेज आईच्या फोनवरून मूलच तर करत नाही ना, आणि नेमका कोणता धडा चालू असताना तास बुडतात. सर्दी-खोकल्याच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास उदाहरणं सोडवून घेता येतात, तेवढीही सवय लाव.

चारांपैकी एखादं घर नियम ऐकून शिकवणी बंद करेल. करू दे. सतत रद्द करणारं घर धरून ठेवण्यापेक्षा त्याच सोसायटीत दोन मुलं एकत्र बसवता आली तर बघ. एकाने रद्द केलं तरी दुसरा असतोच आणि तुझी खेप वाया जात नाही.

क्लासमधल्या नोकरीचं म्हणशील तर पगार ठरलेला असतो हे खरं, पण तुझ्या सगळ्या संध्याकाळी त्यात जातील. सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) द्यायची किंवा ज्युनिअर कॉलेजसाठी बी.एड. करायचं, हे अजून ठरायचं असेल तर या वर्षी अभ्यासाचा वेळ विकू नकोस. दुपारच्या वेळात रविवारी पहिला फोन कर, आणि तोही चौघांतल्या सगळ्यात समजूतदार काकूंना. तिथे एकदा नीट बोलता आलं की ते सात तासांचं घर शेवटी घे.