‘कोर्स पूर्ण’ या आकड्यावर विसंबू नकोस

कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचा उपयोग होतो का, यावरचा तुझा प्रबंध एलएमएसमधल्या (ऑनलाइन कोर्स चालवणाऱ्या आणि त्यांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) ‘कोर्स पूर्ण’च्या आकड्यांवर उभा करू नकोस. व्हिडिओ म्यूट करून दुसऱ्या टॅबमध्ये एक्सेल भरणारे महाभाग प्रत्येक ऑफिसात असतात. त्यांचंही १०० टक्के पूर्णच दिसतं. प्रशिक्षण किती उपयोगी ठरलं हे मोजण्यासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्या बघ: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन, परिणाम. बरेच जण पहिल्या दोनवरच थांबतात, कारण फॉर्म भरून घेणं सोपं. तू तिसरीला हात घाल. कोर्सनंतर दोन-तीन महिन्यांनी कामाच्या जागी जा, सुपरवायझरशी बोल. (एचआरची लेखी परवानगी आधीच घे, नाहीतर डेटा ऐनवेळी अडकतो.) ‘ऑनलाइन की वर्गात’ ही तुलना मात्र नको. शिकवण्याची पद्धत सारखी असेल तर दोन्ही जवळपास सारखेच परिणामकारक, हे संशोधक ट्रेसी सिट्झमन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्येच दाखवलंय.