पायाखाली थरथरणारा ब्रेक

प्रश्न : गेल्या आठवड्यात भर पावसात कुंभार्ली घाट उतरताना वळणावर म्हैस आडवी आली. मी जोरात ब्रेक दाबला, तोच पेडल पायाखाली थरथरू लागले आणि बॉनेटखालून घरघर ऐकू आली. ब्रेक गेला, असे वाटून मी पाय उचलला. म्हैस बाजूला झाली म्हणून निभावले. गाडीत एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे. ब्रेकमध्ये दोष असेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण सांगता ती लक्षणे दोषाची नसून एबीएस काम करीत असल्याची आहेत. चूक झाली ती पाय उचलण्यात.

ओल्या रस्त्यावर चाक जाम झाले की गाडी घसरत जाते, आणि घसरणाऱ्या टायरला बाजूची पकड जवळजवळ उरत नसल्याने स्टिअरिंग कितीही फिरवले तरी ती वळत नाही. टायरची पकड सर्वांत चांगली असते ती चाक गाडीच्या वेगापेक्षा साधारण दहा ते वीस टक्के हळू फिरत असताना. एबीएस चाकाला याच पट्ट्यात ठेवू पाहते. प्रत्येक चाकापाशी त्याचा वेग मोजणारा सेन्सर असतो. एखाद्या चाकाचा वेग एकाएकी कोसळू लागला की तिथे जाणाऱ्या ब्रेक ऑइलची वाट एक झडप अडवते, दुसरी झडप दाब उतरवते आणि चाक पुन्हा फिरू लागताच दाब परत वाढवला जातो. हे चक्र सेकंदाला अनेकदा फिरते. उतरवलेले ऑइल पंप पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरकडे परत ढकलतो. आपल्या तळपायाला जाणवले ते हेच धक्के आणि घरघर होती ती या पंपाची.

जुने चालक ब्रेक ‘मारत-सोडत’ दाबायला सांगतात. एबीएस नसलेल्या गाडीत ते योग्यच होते. आपल्या गाडीत मात्र त्याने थांबण्याचे अंतर वाढेल. पेडल पूर्ण दाबून धरावे आणि म्हशीला वळसा घालावा, कारण एबीएसचा खरा लाभ स्टिअरिंग हाती राहण्यात आहे. सुट्या खडीवर तर एबीएसमुळे गाडी थोडी लांबच थांबू शकते, कारण जाम झालेले चाक खडीत रुतून पुढे ढीग साचवते आणि फिरते चाक तसे करीत नाही.

डॅशबोर्डवरचा एबीएसचा पिवळा दिवा गाडी सुरू केल्यावरही विझला नाही, तर एबीएस बंद आहे असे समजून गाडी दाखवावी. तरीही साधा ब्रेक चालू राहतो. पुष्कळदा सेन्सरवर बसलेला चिखल हेच कारण निघते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात त्याची वाण नसते.