क्रीटहून सँटोरिनीला जाणाऱ्या क्रूझवर बाल्कनी कुठल्या बाजूची घ्यावी?

तुमच्या मार्गासाठी उजवी बाजू घ्या, म्हणजे स्टारबोर्ड. तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून निघायचं, मिकोनोस, ऱ्होड्स आणि क्रीटमधलं हेराक्लिओन करून दुपारी सँटोरिनीला पोचायचं, आणि रात्री उशिरा तिथून अथेन्सला परत. सोबत आईवडील, वडिलांचे गुडघे दुखतात, आणि कराडचा एजंट म्हणतो की दोन्ही बाजू सारख्याच. सारख्या नाहीत हो!

जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभं राहिलं की डावी बाजू पोर्ट आणि उजवी स्टारबोर्ड. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला जाताना उरमोडीचं पाणी डावीकडे दिसतं, येताना तेच उजवीकडे. बेटांचंही तसंच आहे. 'सँटोरिनीसाठी पोर्टच घ्या' हा सल्ला जागोजागी वाचायला मिळतो, पण तो मिकोनोसकडून, म्हणजे उत्तरेकडून येणाऱ्यांसाठी. तुम्ही दक्षिणेकडून येणार.

इ.स.पू. 1600 च्या सुमारास इथे ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, मधला भाग खचला आणि त्यात समुद्र शिरला. पूर्वेला चंद्रकोरीच्या आकाराचं मुख्य बेट उरलं, पश्चिमेला छोटं थिरासिया. मधलं पाणी साधारण 11 किलोमीटर लांब आणि 7 किलोमीटर रुंद. फिरा, इया ही फोटोत दिसणारी गावं मुख्य बेटाच्या कड्यावर, पाण्याच्या बाजूला तोंड करून बसलेली आहेत. क्रीटकडून येणारं जहाज सहसा दक्षिणेच्या बाजूने आत शिरून उत्तरेकडे सरकतं, तेव्हा हा सगळा कडा उजव्या हाताला येतो. रात्री अथेन्सकडे निघताना ते उत्तरेकडून बाहेर पडलं, तर इयाचे दिवेही उजवीकडेच.

उन्हाचाही विचार करा. दुपारी चार-पाचला सूर्य पश्चिमेला, म्हणजे जहाजाच्या डाव्या अंगाला. उजव्या बाल्कनीत सावली असते आणि समोरच्या कड्यावर थेट ऊन पडलेलं असतं. आम्ही आईला घेऊन गेलो होतो, तेव्हा ती खुर्ची टाकून आरामात बसून हे सगळं बघत होती. लांबून माथ्यावर नुसता पांढरा पट्टा दिसतो. जवळ जाल तशी त्यातली एकेक घरं, गच्च्या, निळे घुमट सुटे होत जातात, आणि त्यांच्याखाली काळे, तांबडे, राखाडी थर एकावर एक. कडा काही ठिकाणी 300 मीटर उंच आहे. ते बघण्यासाठी बाजू नीट निवडण्याची खटपट करावी, असं मला मनापासून वाटतं.

आत पोचल्यावर मात्र बाजूचं महत्त्व कमी होतं. तिथलं पाणी जवळजवळ 400 मीटरपर्यंत खोल आहे, त्यामुळे मोठी जहाजं बहुधा नांगर टाकत नाहीत, इंजिनांच्या जोरावर एका जागी थांबतात. वाऱ्याने ती हळूहळू फिरतात आणि गाव कधी या बाजूला, कधी त्या बाजूला येतं. उतरायचं ते छोट्या बोटीतून. जुन्या बंदरापासून फिरापर्यंत पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, तिथे वडिलांना अजिबात नेऊ नका. रोपवे आहे, पण एकाच वेळी दोन-तीन जहाजं आलेली असली तर लांबलचक रांग लागते. त्यांना उतरणं जमणार नसेल तर जहाजावरच थांबू द्या, संध्याकाळ वाया जाणार नाही. मे अखेरीस सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, थिरासियाच्या बाजूला. तेवढ्यासाठी त्यांना लिफ्टने वरच्या उघड्या डेकवर न्या, कारण बाल्कनीतून ती दिशा मिळेलच असं नाही.

बाकीच्या प्रवासाचं फार मनावर घेऊ नका. या मार्गावरचं बरंचसं अंतर रात्रीच कापलं जातं.

खोली निवडताना एजंटकडून डेक प्लॅन मागून घ्या. त्यात पुढचं टोक कुठलं ते आधी बघा, मग उजवीकडच्या खोल्यांचे नंबर. सम-विषम नंबरांवरून बाजू ठरवू नका, प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते. बाल्कनीच्या खाली किंवा समोर लाइफबोट टांगलेली नाही ना, तेही विचारा. तसं असेल तर बाजू बरोबर असूनही अर्धा समुद्र झाकला जातो. उजवी चांगली खोली शिल्लकच नसेल, तर डावी घ्या आणि आत शिरायच्या वेळी सगळे वरच्या डेकवर जा. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

आणखी एक करा. मरीनट्रॅफिक या साइटवर जहाजाचं नाव टाकलं की ते आत्ता कुठे आहे ते नकाशावर दिसतं. हीच फेरी ते पुन्हा पुन्हा करत असतं, तेव्हा त्यांच्या सँटोरिनीच्या दिवशी दुपारी उघडून बघा, कुठल्या बाजूने आत शिरतंय ते कळेल. कधी कधी कंपनी बंदरांचा क्रम बदलते. तुमच्या तारखेला क्रीटच्या आधी सँटोरिनी आली असेल, तर मला नवा मार्ग लिहून पाठवा, त्यानुसार बाजू सांगतो.