ऑनलाइन थेरपीचा पहिला कॉल: नक्की काय होतं?

प्रश्न: ताई, माझं वय ४१, राहायला भांडुप, वन रूम किचन. घरात नवरा, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. गेले काही महिने झोप लागत नाही, रविवारी संध्याकाळ झाली की छातीत धडधड सुरू, ऑफिसमधे कोणी साधं बोललं तरी रडू येतं. फॅमिली डॉक्टरनी थायरॉइड, ईसीजी सगळं केलं, नॉर्मल आलं, म्हणाले काउन्सेलिंग घ्या. क्लिनिकला जायला वेळ नाही म्हणून ऑनलाइन घ्यायचं ठरवलंय पण जाम टेन्शन आलंय. पहिल्या कॉलला काय बोलायचं? गोळ्या देतील का? आणि घरच्यांना कळलं तर?

उत्तर: रिपोर्ट आधी काढलेत ते बरं केलंत, थायरॉइड बिघडलं तरी अशीच धडधड होते आणि माणूस उगाच मनाला दोष देत बसतो.

आता पहिला कॉल. काही तयारी करायची गरज नाही, वरच्या पाच ओळी वाचून दाखवल्यात तरी पुरे. बऱ्याच जणींना वाटतं कॅमेरा ऑन झाला की सगळं भडाभडा बोलायचं आणि तासाभरात मोकळं वाटणार, पण पहिला कॉल बहुतेक चौकशीतच जातो. झोप किती, जेवण कसं, आधी काही उपचार झालेत का, घरात पूर्वी कोणाला असा त्रास होता का, असं सगळं विचारतात. जगणं नकोसं होतं का, जीव द्यावासा वाटतो का हेही सरळ विचारतील, दचकू नका, नव्या माणसाला हे विचारायचंच असतं. एखादा फॉर्मही भरून घेतील, उदासपणा किती आहे ते बघणारा पीएचक्यू-९ नावाचा असेल तर त्यात गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न असतात, मार्क ० ते २७. जास्त मार्क आले म्हणजे लगेच आजाराचा शिक्का बसला असं नाही, पुढे फरक पडतोय का ते बघायला तो आकडा उपयोगी पडतो. तुम्ही आत्ता कुठे बसलाय आणि अडचण आली तर कोणाला फोन करायचा हेही विचारतील कारण स्क्रीनपलीकडून धावत येता येत नाही ना.

खरा प्रॉब्लेम जागेचा, आणि तो आपल्या मुंबईत सगळ्यांचा. सासूबाई बाहेरच्या खोलीत आणि तुम्ही किचनमधे हळू आवाजात, असं केलंत तर अर्धं बोलणं पोटातच राहील. ऑफिस सुटल्यावर तिथली मीटिंग रूम मिळते का बघा, किंवा कोणाची पार्क केलेली गाडी, एकट्या राहणाऱ्या मैत्रिणीचं घर. लोकलमधून मात्र नको, लेडीज डब्यात शेजारणीला सगळी स्टोरी कळेल आणि मुलुंड येईपर्यंत ती सल्लाही देईल! इयरफोन लावा, मधे कोणी आलं तर काय म्हणायचं तो एक शब्द थेरपिस्टशी आधीच ठरवा आणि नेट गेलं तर परत कॉल कोण करणार तेही. कॅमेरा नको असेल तर तसं सांगा, बरेच जण नुसत्या ऑडिओवरही घेतात, पण पहिले काही वेळा चेहरा दिसलेला बरा असं माझं मत. आणि मराठीतच बोलायचंय हे बुकिंग करतानाच सांगून टाका, रडू आल्यावर इंग्लिश शब्द कुठून शोधणार.

गोळ्या फक्त डॉक्टर देतात, बहुधा सायकिॲट्रिस्ट म्हणजे मनोविकारांचे डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट किंवा काउन्सेलर नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो बिनधास्त मागा, ह्यात कसला आलाय संकोच. नुसतं लाइफ कोच लिहिलेलं असेल तर मी तरी पैसे भरणार नाही. फी, आणि ऐनवेळी कॅन्सल केलं तर पैसे कापतात का, हे आधीच विचारा, परवडत नसेल तर कमी फीबद्दलही विचारा, काही जण करतात.

सेशन साधारण ४५ ते ५० मिनिटांचं, बहुतेक आठवड्यातून एकदा. नोकरी सोडा, नवऱ्याला असं सुनवा, असे आयते सल्ले चांगला थेरपिस्ट देत नाही, उलट तुम्हालाच विचारत बसतो म्हणून सुरुवातीला चिडचिड होईल. सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी थेरपी) असेल तर होमवर्क पण मिळतो, म्हणजे रविवारी धडधड सुरू झाली की तेव्हा डोक्यात काय चाललं होतं ते लिहून काढा वगैरे. कधीकधी सेशननंतर जास्तच जड वाटतं, त्या संध्याकाळी पाहुणे बोलावू नका. तीन-चार वेळा बोलूनही जमत नाहीये असं वाटलं तर तोंडावर सांगा, त्यांना राग येत नाही, आणि आलाच तर दुसरा शोधा.

घरच्यांचं म्हणाल तर मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं थेरपिस्टवर बंधनकारक आहे, नवऱ्याने फोन करून विचारलं तरी सांगता येत नाही. जीवाला धोका असेल तेव्हाची गोष्ट वेगळी, आणि ते तुम्हाला पहिल्याच कॉलला समजावून सांगायला हवं, नाही सांगितलं तर विचारा. नवऱ्याला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, घाई नाही. पण अपॉइंटमेंटच्या आधीच एखादी रात्र फार वाईट गेली, नको ते विचार यायला लागले तर वाट बघत बसू नका, सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.