केसपेपरवर ‘पुरुष’, नमुना गर्भाशयमुखाचा

तुमची पोस्ट वाचून जुनी खपली निघाली. मीही तुमच्यासारखाच ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदलेला पुरुष. कागदोपत्री ‘पुरुष’ झाल्यावर पॅप स्मीअरचा (गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी करतात त्या पेशींच्या तपासणीचा) नमुना लॅबने न तपासताच परत पाठवला, हे माझ्याही बाबतीत झालंय. तपासणी का करायची ते तुम्हाला ठाऊक आहेच, त्यात शिरत नाही.

माझ्या डॉक्टर चांगल्या होत्या. घोळ घातला तो नोंदणीच्या काउंटरने. नमुना ‘लिंग जुळत नाही’ असा शेरा घेऊन परत आला. लॅब म्हणे काउंटरला विचारा, काउंटर म्हणे सिस्टिम घेत नाही. मग तिथल्या बाईंनी तोडगा काढला, तोही सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात: “परत स्त्री करून टाकू का?” लिंग बदलायची सोय केली, पण शरीरात कोणते अवयव आहेत ते नोंदवायला फॉर्मवर एक रकाना ठेवायचं कुणाला सुचलं नाही. दारावर ‘इथे सगळ्यांचं स्वागत’ सांगणारं इंद्रधनुष्य मात्र चिकटवलेलं! त्यानंतर कित्येक दिवस मी त्या बाजूला फिरकलोच नाही, आणि माणसं तपासणी टाळतात ती अशानेच.

तर, नमुना देण्याआधीच डॉक्टरांना लॅबला फोन करायला लावा. फॉर्मवर त्यांच्याच हातून लिहून घ्या: ट्रान्स पुरुष, गर्भाशयमुख आहे, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) चालू. हे शेवटचं विसरू नका. टेस्टोस्टेरॉनने तिथलं अस्तर पातळ होतं, त्यामुळे नमुना अपुरा ठरण्याची शक्यता वाढते आणि पेशींतले साधे बदलही कधी कधी संशयास्पद दिसू शकतात. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून धरायचं उपकरण) नकोच वाटत असेल तर स्वतः घेतलेल्या स्वॅबवर एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणी होते का ते विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत तो पर्याय आहे. (मी डॉक्टर नाही. तुमच्यासाठी काय योग्य ते त्यांनाच ठरवू दे.)

जाता जाता: रक्ताच्या रिपोर्टवर नॉर्मल रेंज कोणत्या लिंगाची छापलीय ते बघा. टेस्टोस्टेरॉनवर हिमोग्लोबिन वाढतं, बायकांच्या रेंजशी ताडलं तर उगाच लाल खूण येते. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही, असंही धरून चालू नका. ट्रान्स मैत्रिणींनाही (जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंदलेल्या बायकांना) सांगा, लिंगबदल शस्त्रक्रियेनंतरही प्रोस्टेट ही पुरुषांमधली ग्रंथी सहसा तशीच असते, म्हणजे तिचीही तपासणी लागू शकते.

आणि पुढच्या तपासणीची तारीख मोबाइलमध्ये स्वतःच टाकून ठेवा. ‘पुरुष’ नोंदीवर दवाखान्याचा आठवणीचा मेसेज येईलच असं नाही.