लाइव्ह स्ट्रीम आयफोनवर नीट दिसतो, पण लॅपटॉपच्या फायरफॉक्समध्ये नुसती काळी चौकट का?
कारण तुमचा स्ट्रीम एचएलएस, म्हणजे व्हिडिओ छोट्या तुकड्यांत पाठवण्याच्या पद्धतीचा आहे (दुव्याच्या शेवटी एम३यू८ असेल बघा) आणि डेस्कटॉपचा फायरफॉक्स तो स्वतःहून चालवत नाही, सफारी चालवतो. तुमच्या वेबपानावर एचएलएस-जेएस ही जावास्क्रिप्ट लायब्ररी (तयार कोड) जोडा, ती व्हिडिओचे तुकडे उतरवून मीडिया सोर्स एक्स्टेन्शन्स या ब्राउझरमधल्या सोयीमार्फत प्लेअरला पुरवते. पण तेवढ्याने भागेलच असं नाही. तुकडे आता जावास्क्रिप्ट मागवते, त्यामुळे ते दुसऱ्या डोमेनवर असतील तर त्या सर्व्हरने कॉर्सची, म्हणजे दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला फाइल वाचू देण्याची परवानगी द्यायला हवी. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. एफ१२ दाबून कन्सोल उघडा. लाल ओळीत ‘कॉर्स’ (CORS) दिसलं की समजा, अडचण हीच आहे. आयओएस १७.१ च्या आधीच्या आयफोनवर मात्र ही लायब्ररी चालत नाही, तिथे व्हिडिओ टॅगला थेट दुवाच द्या.